काट्याचा दोष, माणसावर रोष

आमच्या वडिलांनी इंदुरात घेतलेली अँबॅसडर गाडी आम्ही अद्याप सांभाळून आहोत. त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. आमच्या दारची मात्र सणासुदीस व लग्नकार्यास आजही निघते. वडिलांच्या वेळेपासून ती चाचा चालवितात. गेल्या वर्षी आम्ही हौसेने गाडीला नवा रंग दिला. टाकी उतरवून तीही बाहेरून रंगविली. त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. टाकी अर्धी व्हावी इतके पेट्रोल भरून आणले, तरी काटा पाव भागाच्या वर सरकेना.

पेट्रोल आणण्याचे काम चाचांचे. आमच्या मनात नको ती शंका आली. एकदा पावती मागितली. पुढच्या खेपेस पुन्हा मागितली. चाचांनी निमूटपणे पावती आमच्या हाती दिली आणि तिच्याबरोबर गाडीची किल्लीही. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

आमचा एक जुना विद्यार्थी मोटारींच्या विजेचे काम करतो. त्याने सांगितलेली रचना मोठी साधी आहे. टाकीत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. त्याची दांडी वरखाली झाली की तारेच्या वेटोळ्याचा रोध कमीजास्त होतो, आणि त्या मानाने समोरचा काटा हलतो. हा प्रवाह टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या सांगाड्यात जातो. यालाच अर्थ म्हणतात. आमच्या गाडीत टाकी भरलेली असता रोध कमी, रिकामी असता जास्त.

तपासणी त्याने उघड्यावर, विडीकाडी दूर ठेवून केली. ठिणगी उडू नये म्हणून प्रत्येक जोडणी किल्ली बंद ठेवूनच केली. टाकीवरची तार सुटी करून किल्ली फिरविली. काटा रिकाम्याच्या खुणेवर राहिला. मग तीच तार सांगाड्याच्या उघड्या पत्र्याला जोडली. काटा सावकाश वर चढू लागला. टोकास पोचण्यापूर्वीच त्याने किल्ली बंद केली. म्हणजे काटा व तार दोन्ही निर्दोष. पाण्याच्या उष्णतेचा काटाही बरोबर चालत होता, म्हणून दोन्ही काट्यांना सुमारे १० व्होल्टचा स्थिर दाब पुरविणाऱ्या डबीवरही संशय उरला नाही.

शेवटी मूळ तार जागी लावून त्याने फ्लोटच्या झाकणापासून सांगाड्यापर्यंत एक जादा तार जोडली. काटा हळूहळू अर्ध्यावर जाऊन थांबला! टाकी आणि सांगाडा यांच्यामध्ये आमच्याच हौसेचा रंग बसला होता. त्याने अर्थ अडविला, रोध वाढविला आणि काटा कमी दाखवू लागला. जोडाच्या जागचा रंग खरवडून स्क्रू घट्ट केला, काम झाले.

वाचकांपैकी कोणाकडे जुनी गाडी असल्यास दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. किल्ली फिरविताच काटा झटकन उडत असेल, तर तो निराळ्या जातीचा असू शकतो. तेथे वरील खुणा उलट्या मिळतात. आणि अर्थ ठीक असूनही काटा रिकाम्यावरच राहिला, तर फ्लोट बाहेर काढून कानाशी हलवून पाहावा. भोक पडून त्यात पेट्रोल शिरले असेल, तर तो बुडतो. अशा फ्लोटला घरी डाग देण्याच्या फंदात पडू नये, तो बदलावा.

त्या संध्याकाळी आम्ही चाचांच्या घरी गेलो. किल्ली त्यांच्यापुढे ठेवली आणि चूक कबूल केली. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र दिला. सकाळी गाडी पुसण्याचा आवाज ऐकला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तीस वर्षांत आम्ही कित्येक मुलांना ताकीद दिली असेल की, पुरावा नसता कोणावर आळ घेऊ नये. आम्हांला मात्र पुरावा म्हणून एक काटा पुरला. आणि त्याची तपासणी करावी, हे सुचण्याआधी आम्ही माणसाचीच तपासणी केली.