परवाना लपवू नका, सही करा!

संगणकाच्या आज्ञावलीचा परवाना, म्हणजे ग्राहकाचे नाव, मुदत इत्यादी माहिती, ग्राहकाच्याच संगणकात ठेवावी लागते. ती आडबाजूच्या फाइलीत दडवणे म्हणजे घरमालकापासून त्याच्याच घरात वस्तू लपवणे होय! गुप्तलेखनाची पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये, असे केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच बजावले होते. म्हणून परवाना लपवण्यापेक्षा त्यावर अंकीय सही करावी. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांच्या १९७७ सालच्या पद्धतीत किल्ल्या दोन असतात. कंपनी गुप्त किल्लीने सही करते. संगणकातील जाहीर किल्लीने ती तपासता येते, करता येत नाही. मुदतीतला एक अंक बदलला तरी सही जुळत नाही. अर्थात, तपासणीचा भागच कोणी आज्ञावलीतून काढून टाकला, तर गणिताचा इलाज चालत नाही. म्हणूनच प्रामाणिक ग्राहकाला छळणारी कुलपे वाढवण्यात शहाणपण नाही.