वाडीचे उत्पन्न आणि आयकराचे विवरणपत्र



रोपे लावणीला आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत करपा, खोडकिडा आणि युरियाची मात्रा हेच विषय असतात. अलीकडे मात्र जून-जुलैच्या टपालात आणखी एक विषय डोकावू लागला आहे, तो म्हणजे आयकराचे विवरणपत्र. कारण उघड आहे. आपल्या किनारपट्टीवर निव्वळ शेतीवर चालणारे घर आता विरळा. एक भाऊ वाडी पाहतो, दुसरा कारखान्यात जातो, सून शाळेत शिकवते, घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या असतात आणि बँकेत महामार्गाच्या मोबदल्याची ठेव असते. असा संसार असला म्हणजे आयकराशी कोठे ना कोठे गाठ पडतेच. त्यातून विवरणपत्र आता बहुतेकांना संगणकावर किंवा मोबाईलवरच भरावे लागते.

मी काही कर सल्लागार नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. परंतु याच विषयात स्वतः चूक करता करता वाचलो, म्हणून आलेल्या पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : शेतीवर कर नाही. मग आम्ही विवरणपत्र भरावे कशाला? (पेण तालुका)

उत्तर : आपले उत्पन्न केवळ शेतीचे असेल, तर सहसा भरण्याची गरज नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त होते आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ते करमुक्तच आहे. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरावयाचे आहे.

तथापि काही बाबतींत उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरावे लागते. वर्षभरात बचत खात्यात ५० लाख किंवा अधिक रक्कम जमा झाली, विजेचे बिल एक लाखाच्या वर गेले, किंवा आपल्या नावे २५,००० रुपये (ज्येष्ठांच्या बाबतीत ५०,००० रुपये) वा अधिक कर कापला गेला, तर ते टाळता येत नाही. जमीन गेलेल्या खातेदारांनी यातील पहिली अट विशेष ध्यानात ठेवावी.

प्रश्न : आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. पांढरा कांदा होतो, तळ्यात जिताडा सोडतो आणि पर्यटकांना दोन खोल्या देतो. यातले शेतीचे उत्पन्न कोणते? (अलिबाग तालुका)

उत्तर : संगणकातील कार्यक्रम फक्त रकाने पुढे ठेवतो. कोणती रक्कम कोणत्या रकान्यात घालावयाची हे आपणच ठरवायचे असते. त्यासाठी एक खूण सांगतो. जमिनीची मशागत करून, लावून, वाढवून जे पिकते ते शेतीचे. नारळ, सुपारी, विड्याची पाने, आंबा, भात, वाल आणि कांदा हे सर्व शेतीत मोडते. कांदा सुकवून त्याच्या माळा वळल्या किंवा सुपारी सोलून वाळवली, तरी ते उत्पन्न शेतीचेच राहते, कारण माल बाजारात नेण्यासाठी शेतकरी एरवीही हे करतोच. आपल्याच शेतातला कांदा आपण रस्त्याच्या कडेला मांडून विकला तरी हरकत नाही. मात्र शेजारगावचा कांदा विकत घेऊन त्याच माळांत विकला, तर तेवढा नफा व्यापाराचा झाला. रोपवाटिकेतील कलमे आणि रोपे विकून आलेला पैसाही शेतीचाच धरतात.

आता दुसरी बाजू. तळ्यातील मासळी, होडीवरची मासेमारी, कोंबड्या व दुधाचा धंदा ही उत्पन्ने आपण शेतीला जोडून करतो, पण आयकराच्या दृष्टीने ती शेतीची नव्हेत. खोल्यांचे भाडे आणि जेवणाचे पैसेही नव्हेत, मग खोल्या वाडीच्या मधोमध का असेनात. आपल्या आंब्याचा रस काढून डबाबंद करून विकला, तर त्या आंब्याच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा आणि उरलेला नफा धंद्याचा, अशी विभागणी होते.

प्रश्न : बारा लाखांपर्यंत कर नाही असे सर्वत्र सांगतात. मी नोकरदार आहे, वाडीही आहे. वाडीचा आकडा घातला नाही तर काय बिघडले? (मुरूड तालुका)

उत्तर : हाच माझा स्वतःचा प्रश्न होता. मुलगा संगणकावर माझे विवरणपत्र भरत होता. तो म्हणाला, "बाबा, इथे शेतीचे उत्पन्न विचारतंय." मी म्हटले, "शून्य टाक रे. शेतीवर कर नसतो." त्याने ऐकले नाही. वाडीच्या पट्ट्या काढा म्हणाला. पट्ट्या काही पिशवीत, काही देवघराच्या फळीवर. वीस वर्षे गावोगाव नोंदवही ठेवण्याचे महत्त्व सांगत फिरलेला मी, माझ्याच वाडीची नोंद माझ्याकडे नव्हती. दोन संध्याकाळी बसून हिशेब जुळवला तेव्हा खर्च वजा जाता चार लाखांच्या आसपास उत्पन्न निघाले.

शेती करमुक्त आहे हे खरे. परंतु प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ साली केलेल्या शिफारशीनंतर १९७३ पासून असा नियम आहे की, शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरविण्यापुरते शेतीचे उत्पन्न त्यात मिळवतात. शेतीवर कर बसत नाही, पण पगारावरचा दर चढतो.

नव्या कर पद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढील चार लाखांवर ५ टक्के, त्यापुढील चार लाखांवर १० टक्के आणि बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के असे दर आहेत. समजा, ७५,००० रुपयांची ठोक वजावट जाऊन पगार दहा लाख उरला आणि वाडीचे निव्वळ उत्पन्न चार लाख आहे. हिशेब असा होतो :

दोन्ही मिळून चौदा लाखांवरचा कर : ९०,००० रुपये.
करमुक्त मर्यादेचे चार लाख अधिक शेतीचे चार लाख, अशा आठ लाखांवरचा कर : २०,००० रुपये.
वजाबाकी करून उरलेला कर : ७०,००० रुपये.
बारा लाखांच्या आतील उत्पन्नावर मिळणारी सूट, जास्तीत जास्त : ६०,००० रुपये.
शिल्लक १०,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून : १०,४०० रुपये.

वाडीच्या रकान्यात शून्य घातले असते, तर कर ४०,००० रुपये निघून तो सगळाच सुटीत गेला असता आणि संगणकाने "देय कर शून्य" असे दाखवले असते. संगणक खोटे बोलला नसता, मीच त्याला अर्धे सांगितले असते. दलालाकडून वाडीचे पैसे बँकेतच येतात. ते कोठले, असे उद्या खात्याने विचारले असते तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. १०,४०० रुपये आणि वर थोडे व्याज भरले व मोकळा झालो.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. हाच हिशेब पगार सहा लाख आणि शेती तीन लाख असा मांडला, तर कर १५,००० रुपये निघतो आणि तो संपूर्ण सुटीत जातो. म्हणजे बहुसंख्य लहान बागायतदारांना आकडा दाखवून एक पैसाही भरावा लागत नाही.

प्रश्न : कोणता अर्ज निवडावा? 'सहज' मध्ये शेतीचा आकडा घेत नाही. (श्रीवर्धन तालुका)

उत्तर : 'सहज' हा पहिला अर्ज शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच चालतो. पुष्कळ लोक अर्ज पुढे सरकावा म्हणून तेथे नेमके ५,००० लिहितात. हे करू नये. पगार, निवृत्तिवेतन किंवा व्याज आणि शेतीचे ५,००० हून अधिक उत्पन्न असेल, तर दोन क्रमांकाचा अर्ज घ्यावा. खोल्या किंवा मासळीचा धंदाही असेल तर तीन क्रमांकाचा अर्ज लागतो. तो मात्र जाणकाराच्या मदतीने भरलेला बरा. शेतीचे उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्यास जमिनीचा जिल्हा व पिनकोड, क्षेत्र, ती स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही विचारले जाते. तेव्हा सातबारा जवळ घेऊनच बसावे. सातबाऱ्यावर भावांची नावे समाईक असतील, तर प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचे उत्पन्न दाखवावे. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबाचा प्रश्न निराळा आहे, त्यात सल्ला घ्यावा.

प्रश्न : महामार्गात जमीन गेली. मोबदला ठेवीत ठेवला. बँक व्याजातून कर कापते. हा पैसा परत मिळतो का? (माणगाव तालुका)

उत्तर : मिळतो, पण मागितला तरच. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ नुसार त्या कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ साली परिपत्रक काढून ते स्पष्टही केले आहे. परंतु त्या रकमेच्या ठेवीवर मिळणारे व्याज करपात्र आहे. समजा, १५ लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी १,०५,००० रुपये व्याज झाले. एप्रिल २०२५ पासून बँक वर्षाला ५०,००० रुपयांवरील व्याजातून (ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखावरील) १० टक्के, म्हणजे येथे १०,५०० रुपये कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. बाकी सर्व उत्पन्न शेतीचे असेल, तर या गृहस्थांना कर लागतच नाही. तरीही विवरणपत्र न भरल्यास ते १०,५०० रुपये सरकारजमाच राहतात.

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध खातेदारांचे असे चार वर्षांचे पैसे अडकले. त्यांना वाटे, "कापले ते गेले." मुदत साधारणतः ३१ जुलैची असते. २०२५ साली ती वाढवून १६ सप्टेंबरपर्यंत नेली होती, पण वाढ मिळेल या भरवशावर राहू नये. मुदत टळली तरी ३१ डिसेंबरपर्यंत विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. त्यानंतर विलंब माफीसाठी अर्ज करावा लागतो आणि मग खेटे वाढतात. कर लागणारच नसेल तर वर्षारंभीच बँकेत घोषणापत्र द्यावे, म्हणजे कपातच होत नाही.

प्रश्न : बाजारपेठेतील एक जण पाचशे रुपयांत विवरणपत्र भरून मोठा परतावा आणून देतो. त्याच्याकडे जावे का? (म्हसळा तालुका)

उत्तर : मदत जरूर घ्यावी, परंतु मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणाऱ्यापासून दूर राहावे. असे लोक न केलेल्या देणग्या, न भरलेले विमे दाखवून परतावा आणतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम काढली होती. नोटीस येते ती विवरणपत्र ज्याच्या नावे आहे त्याला, पाचशे रुपये घेणाऱ्याला नव्हे.

आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरणे विनामूल्य आहे. पगार, व्याज आणि कापलेला कर यांचे बरेच आकडे तेथे आधीच भरलेले असतात. ते २६-एएस आणि वार्षिक माहिती पत्रकाशी ताडून पाहावेत. शेतीचा आकडा मात्र आपणच घालावयाचा असतो. पावसात वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसल्याने खात्याचा ऑफलाइन कार्यक्रम संगणकावर उतरवून घ्यावा, घरी भरावा आणि नेटवर्क मिळेल तेथून पाठवावा.

शेवटची पायरी पडताळणीची. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी घालून ती ३० दिवसांच्या आत करावी. पडताळणी राहिली तर भरलेले विवरणपत्र न भरल्यासारखेच होते. तो ओटीपी म्हणजे आपली सही आहे. कोऱ्या कागदावर आपण सही करत नाही, तसा विवरणपत्र वाचून पाहिल्यावाचून ओटीपी कोणाला सांगू नये.

सारांश, एक वही घालावी. डाव्या पानावर विक्रीच्या पट्ट्या, उजव्या पानावर मजुरी, खत, औषधे आणि वाहतूक यांचा खर्च लिहावा आणि पावत्या त्याच वहीत टाचून ठेवाव्यात. विवरणपत्राचे निम्मे काम तेथेच होते. शिवाय कोणते झाड पोसते आणि कोणते नुसते उभे आहे, हेही त्याच वहीतून कळते. मी यंदा माझी वही घातली आहे.

किनाऱ्यावरील जमीन विकल्यास कर केव्हा लागतो, याविषयी आलेल्या पत्रांचा विचार पुढील अंकी करू. तूर्त लावणी आटोपून घ्यावी आणि ३१ जुलैची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी.