वीस लिटरचा गुन्हा

घरी बिअर करणाऱ्यांच्या जगात सध्या एकच वेड आहे: सहा तासांचं काम तीन तासांत कसं उरकायचं. रील्स बघा. स्टीलचं चकचकीत यंत्र, बटण दाबलं की पाणी तापायला लागतं, तापमान फोनवर दिसतं, मालक सोफ्यावर. परळच्या एका टॉवरमध्ये राहणारा माझा मित्र असलं यंत्र मागवायच्या बेतात आहे. मँचेस्टरला शिकत असताना दोन वर्षं मी हे उद्योग केलेत, म्हणून सल्ला मला विचारतो. मी त्याला सांगतो, यंत्र तुझ्या किचनमध्ये मावेल रे, कायद्यात मावत नाही. लालबागला परत आल्यापासून मी स्वतः एकदाही बिअर केलेली नाही, ती याच कारणाने.

आणि यंत्राची गरजही नाही. वेळ जातो कुठे? जवाचं माल्ट भरडून ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, गाळायचं, तो गोड रस हॉप्स घालून तासभर उकळायचा, निववायचा, यीस्ट घालायचं. मूळ काम दोन-अडीच तासांचं. बाकीचा वेळ पाणी तापायची वाट बघण्यात आणि भांडी घासण्यात. घरगुती शेगडीवर पंचवीस लिटर पाणी सत्तर अंशांवर न्यायलाच तासभर लागतो. मग दहाच लिटर करा ना! धान्य कापडी पिशवीत बांधून त्याच पातेल्यात मुरवलं, तर गाळायचं वेगळं भांडंच लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी ही पद्धत रूढ केली, पण श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या घराला ती कोणी शिकवायला नको. माल्ट आणि पाणी आदल्या रात्री मोजून ठेवायचं. हल्लीच्या माल्टला बऱ्याचदा तासाऐवजी अर्ध्या तासाचं मुरवणंही पुरतं.

मुंबईची खरी अडचण निववण्याची आहे. मँचेस्टरला जानेवारीत तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडलं की वीस-पंचवीस मिनिटांत काम व्हायचं. लालबागला मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीला टेकलेलं, रस त्याच्याखाली जाणार कसा? शिवाय पाणी ठरलेल्या वेळेलाच येणार, आणि त्यातलं शंभर लिटर मोरीत सोडून देणाऱ्याला चाळ जगू देणार नाही. यालाही ऑस्ट्रेलियन उत्तर आहे: उकळता रस उष्णता सोसणाऱ्या कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावायचं आणि झोपायला जायचं. सकाळी यीस्ट. तेही नॉर्वेच्या शेतघरांतलं, क्वाइक नावाचं, जे ३० ते ४० अंशांत खुशाल काम करतं. एसी नको, वेगळा फ्रीज नको. आपल्या हवेसाठीच जन्माला आलंय म्हणा.

घाई इथपर्यंत. पुढे यीस्ट आपल्या गतीने चालणार. इडलीचं पीठ मिक्सरमध्ये पाच मिनिटांत वाटाल, फुगायला रात्र लागतेच. नेहमीचं एल यीस्ट तिशीच्या वर तापू दिलं, तर बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो. आंबणं संपायच्या आधीच बाटल्या भरल्या, तर आत वायू साठत जातो आणि बाटली बॉम्बसारखी फुटते.

आता कायदा. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आज नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, अंग तेच. त्यात मद्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्यात बसतो. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून बाहेर काढावी लागली, तेव्हा कुठे लोकांचं कोलन सुटलं. पिण्याचा परवाना आजही आहे, आणि तो 'आरोग्याच्या रक्षणासाठी' दिला जातो! लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर बसून परवानाधारक बिअर पिणं ही जीवनशैली, आणि तीच वीस लिटर घरी केली तर विनापरवाना निर्मिती, म्हणजे तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा. गिरगावात खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी ईस्ट इंडियन घरांतून नाताळासाठी द्राक्षाची वाइन बरणीत मुरत ठेवायची जुनी रीत आहे. त्या बरणीकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही, ते बरंच आहे. पण ती कोणाच्या मेहेरबानीवर का मुरावी?

या कायद्याने घरगुती आंबवणं थांबलं नाही, त्याला घाई लागली. पन्नाशीच्या दशकातल्या कडक दारूबंदीत धोबी तलाव, गिरगावात आंटींचे अड्डे चालले आणि शहराच्या कडेच्या झोपड्यांतून, खाडीकाठी हातभट्ट्या. काळा गूळ, नवसागर, आणि छापा पडायच्या आत पिंप रिकामं. ज्याच्या डोक्यावर छापा आहे तो यीस्टची वाट बघत नाही. पुढे त्यालाही शॉर्टकट मिळाला: आंबवूच नका, कारखान्यातलं स्पिरिट आणून पाणी घाला. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने. जवाच्या बिअरमध्ये मिथेनॉल जवळजवळ नसतंच आणि तिला भट्टीही लागत नाही. ती ऊर्ध्वपातन न करता, नुसती आंबवून होते. पण आपल्याकडे 'घरची दारू' म्हटलं की दोन्ही एकच.

कोणी म्हणेल, गिरणगावातली घरं दारूने बसली आणि तुला बिअरचे लाड सुचतात. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. आमच्या मजल्यावरचे दोन संसार मी बसताना पाहिलेत. एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती, तिची शाळा नववीत सुटली. त्या दोन्ही घरांतली बाटली मात्र सरकारमान्य देशी दारूच्या दुकानातून आली होती, शुल्क भरलेली, लेबल लावलेली. ज्याला संध्याकाळी सात वाजता प्यायलाच लागते, तो आज माल्ट भरडून तीन आठवडे थांबत नाही. थांबू शकला असता तर प्रश्नच नव्हता.

ब्रिटनने घरगुती बिअरसाठीच्या परवान्याची अट १९६३ मध्येच काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केली: एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, विकायची नाही. आपल्याकडे इतकीही नको. घरटी महिन्याला वीस लिटर, फक्त आंबवलेली, ऊर्ध्वपातनाला पूर्ण बंदी, विक्रीला बंदी, करणाऱ्याचं वय पिण्याच्या कायदेशीर वयाइतकं. अधिनियमात एक पोटकलम घातलं की झालं. पिण्याच्या एका दिवसाच्या परवान्याला पाच रुपये घेतात, याला शंभर घ्या. मित्राला म्हटलंय, यंत्राचे पैसे तूर्त ठेव. आमदाराला पत्र लिहू, मसुदा मी करतो. मंजूर झालं तर बिअर तुझ्या किचनमध्ये, दहा लिटरच्या पातेल्यात.