प्रतिष्ठेचा हप्ता

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तरीही लग्नसराई आली की, हीच घरे ती बाजूला सारतात. ‘लोक काय म्हणतील?’ या एका प्रश्नापुढे वर्षानुवर्षांची काटकसर हतबल ठरते.

याला केवळ उधळेपणा म्हणणे अपुरे आहे. पुष्कळसा खर्च वस्तूच्या उपयोगासाठी नव्हे, तर ऐपतीच्या प्रदर्शनासाठी होतो, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी 1899 मध्येच मांडले होते. ब्लॉक, राव आणि देसाई या अभ्यासकांनी 2004 मध्ये कर्नाटकातील ग्रामीण विवाहांविषयी हेच दाखवून दिले. डामडौलाचे लग्न हा गावाला दिलेला संदेश असतो : या घराला तोलामोलाची सोयरीक मिळाली!

मात्र प्रतिष्ठा ही नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत मोजली जाते. एकाने 500 पाने वाढली की दुसरा 800 वाढतो आणि तिसरा 1,000. खर्च साऱ्यांचाच वाढतो. मानाचा क्रम होता तोच राहतो. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार, कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 11 टक्क्यांहून अधिक होती; 2022-23 मध्ये ती सुमारे 5 टक्क्यांवर आली. पहिले वर्ष टाळेबंदीचे होते आणि कर्जांत घरबांधणीचाही वाटा आहे, हे खरे. तरीही वाढत्या कर्जभाराकडे डोळेझाक करता येणार नाही.

अशा खर्चाने मंडपवाले, आचारी, वाजंत्री यांना काम मिळते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु तोच पैसा मुलीच्या उच्चशिक्षणात, विहिरीत वा छोट्या उद्योगात गेला, तरी कुणाच्या तरी हाताला काम मिळतेच; शिवाय मागे काही उरते. मंडप उतरल्यावर उरतो तो हप्ता.

म्हणूनच गरिबाला उपदेश करून भागणार नाही. त्याने साधेपणा पत्करला तर समाज त्याला दारिद्र्य म्हणतो. धनवंताने पत्करला तर संस्कार म्हणतो. ज्यांच्या ऐपतीविषयी कुणालाच शंका नाही, त्यांनीच नवा पायंडा पाडला पाहिजे. गावातील व ज्ञातीतील प्रतिष्ठितांनी पंगतीला आणि रोषणाईला एकत्रितपणे मर्यादा घालून घ्यावी. साध्या विवाहांना आवर्जून उपस्थित राहून त्यांचा मान वाढवावा. आपल्या घरचे पुढचे मंगलकार्य हीच या निश्चयाची पहिली कसोटी!