वादळ उतरण्यासाठी नसतं

स्पष्टच सांगतो. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ढग, पाऊस, विजा, वारा असे सगळे स्लायडर उजव्या टोकाला ढकलायचे, त्यात एअरबस उतरवायची आणि वर "अत्यंत रिअलिस्टिक" असं लिहून व्हिडिओ टाकायचा, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. मजा म्हणून करा, माझी ना नाही. दिवाळीत आपण भुईनळे लावतोच की. फक्त भुईनळा लावणाऱ्याने स्वतःला रॉकेट शास्त्रज्ञ म्हणवून घेऊ नये, एवढंच.

कारण साधं आहे. असल्या हवामानात खरा वैमानिक उतरायला जातच नाही. तीव्र गडगडाटी वादळापासून किमान २० मैल लांब राहा, असं अमेरिकेची एफएए सांगते. म्हणजे ज्या ढगात घुसून आपण टाळ्या घेतो, त्याच्या आसपासही फिरकायचं नसतं. वास्तवाचा एवढाच आग्रह असेल तर त्या व्हिडिओचा खरा शेवट काय? वळसा घालणे, घिरट्या घालत थांबणे, नाहीतर मुकाट्याने दुसऱ्या विमानतळावर जाणे. पण ते बघणार कोण?

दुसऱ्या टोकाला "फक्त लाइव्ह वेदर" वाली मंडळी आहेत. त्यांच्या मते हवामान स्वतःच्या हाताने लावणं म्हणजे चीटिंग. आपल्यातले बरेचजण सॉफ्टवेअरवाले आहेत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो: फक्त लाइव्ह वेदरवर उडणं म्हणजे थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग करणं. शनिवारी दुपारी तुम्हाला वेळ मिळतो तेव्हा मुंबईवर नेमकं ऊन पडलेलं असतं. आणि आलाच पाऊस, तरी तोच पाऊस त्याच क्षणी पुन्हा मिळत नाही. जो बग रिप्रोड्यूस होत नाही तो तुम्ही फिक्स कसा करणार? स्वतः लावलेलं हवामान मात्र दहा वेळा तसंच्या तसं चालवता येतं, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून काय फरक पडतो ते बघता येतं.

तर मुद्दा असा की हाताने लावलेलं हवामान ही टेस्ट केस आहे. आणि टेस्ट केसमध्ये एक्स्पेक्टेड रिझल्ट आधी लिहायचा असतो. माझ्या मते तुमच्या निम्म्या तरी वादळांपुढे तो "उतरायचं नाही" असा असला पाहिजे. जी टेस्ट कायम पासच होते, ती टेस्ट कसली?

एक उदाहरण देतो. मुंबईची धावपट्टी २७ घ्या, म्हणजे उतरताना विमानाचं तोंड साधारण पश्चिमेला. एक्स-प्लेन १२ मध्ये वाऱ्याचे तीन थर लावा. २५०० फुटांवर वारा शून्य. १५०० फुटांवर २७० अंशांवरून २५ नॉट, म्हणजे समोरून. ४०० फुटांवर ०९० अंशांवरून १५ नॉट, म्हणजे पाठीमागून. ढग नको, वीज नको, स्वच्छ ऊन ठेवा. आता खाली या. आधी समोरचा वारा वाढतो, वेग आपोआप चढतो आणि हात सवयीने पॉवर कमी करतो. मग हजारेक फुटांत ४० नॉटचा फरक पडतो, वेगाचा काटा घसरायला लागतो आणि इंजिन तर तुम्ही नुकतंच मंद केलेलं असतं.

हा खरा मायक्रोबर्स्ट नव्हे. त्यात हवेचा झोत वरून खाली आदळून सगळीकडे पसरतो. आपले थर नुसते आडवे अंथरलेले असतात. पण सापळा कसा लागतो ते यातून कळतं. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टा १९१ हे विमान अशाच मायक्रोबर्स्टमध्ये सापडून धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १३७ माणसं गेली. समोर वीज चमकताना वैमानिकांना दिसली होती, तरी अप्रोच चालू राहिला. विजांची रोषणाई त्या स्लायडरवर हवी तेवढी मिळते. वेगाच्या काट्याचं ते चढणं आणि घसरणं मात्र थर विचार करून लावल्याशिवाय मिळत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड, एअर इंडिया एक्स्प्रेस १३४४. टेकडीवरची टेबलटॉप धावपट्टी, पाऊस, एक प्रयत्न सोडून दिलेला. दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने, म्हणजे धावपट्टी १० वर, पाठीमागून सुमारे १४ नॉट वारा घेऊन विमान आलं. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला. चौकशी अहवालात नोंद आहे की अप्रोच स्थिर नव्हता आणि सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हटलं होतं.

घरबसल्या त्या वैमानिकांचा न्याय करायला मी निघालेलो नाही. तेवढी आपली लायकी नाही. मी एवढंच म्हणतो, की या हवामानात स्लायडरच्या उजव्या टोकाचं काहीही नव्हतं. पाऊस, ओली धावपट्टी आणि १४ नॉट वारा. व्हिडिओ काढला तर कोणी ढुंकून बघणार नाही. माणसं मरतात ती बहुतेक वेळा अशाच "जमेल की" हवामानात. जे उघड उघड भयंकर असतं त्याला सगळेच घाबरतात.

म्हणून लावायचंच असेल तर "जमेल की" हवामान लावा. कोळिकोड, ओली धावपट्टी, पाठीमागून १४ नॉट, ढगांचा तळ खाली. आणि सुरू करण्याआधी कागदावर लिहा: १००० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि फ्लॅप्स जागेवर नसतील तर वर जायचं. टचडाउन झोनमध्ये चाकं टेकत नसतील तर वर जायचं. दोनदा जमलं नाही तर कोईमतूर किंवा कोचीला जायचं. मग इमानदारीने तसंच वागून बघा. कोईमतूरला जाऊन तासभर "फुकट" घालवणं किती जिवावर येतं ते कळेल. तेही घरी, चहाचा कप शेजारी असताना, कसलाच धोका नसताना!

"अरे, गेम आहे रे, एवढं काय मनावर घेतोस?" हे मला ठरलेलं उत्तर मिळतं. गेम आहे हे मान्य. पण मग तीस-तीस हजारांचं योक आणि पेडल्स कशाला घेतली? आणि सवय लागते ती गेममधलीच. सिम्युलेटरमध्ये उतरलं की शाबासकी, आपटलं की रीस्टार्ट. वर गेलं, परत फिरलं, तर कोणी काहीच म्हणत नाही. शंभर वेळा असं उडालात की डोक्यात एकच गोष्ट पक्की होते: पोहोचायचंच. हीच सवय घेऊन आपण जुलैमध्ये धुक्यात घाट उतरतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला रिलीज करतो.

ज्यांना विजाच बघायच्या आहेत त्यांनी खुशाल बघाव्यात, छान दिसतात. बाकीच्यांनी पुढच्या वीकांताला स्वतःचं एक वादळ लावा, आणि ते असं लावा की शहाणा माणूस परत फिरेल. परत फिरलात तर टेस्ट पास. उतरलात तर, कितीही मऊ उतरला असाल, फेल.