काळी माती, चारचाकी आणि दुरुस्तीचा हक्क

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तो वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातूनही गेला, आणि वऱ्हाडचा हा भाग काही मिनिटांत मागे टाकणाऱ्या प्रवाशाला सारा मुलूख सुगम वाटू लागला. परंतु मृगाचा पाऊस पडून गेल्यावर मेडशीच्या वा शिरपूरच्या बाजूस एखाद्या पांदणीत उतरून पाहिले, म्हणजे या तालुक्याच्या दळणवळणाचे खरे स्वरूप ध्यानी येते. उन्हाळ्यात भेगाळलेली येथील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत इतकी घट्ट बसते, की नव्या टायरलाही जमिनीची पकड राहत नाही. शेताकडे जाणारा, मोजणीच्या कामावर निघालेला आणि अलीकडे निव्वळ हौसेने निघालेला मनुष्य अशा वाटांवर चारही चाकांना इंजिनाचे बळ देणारी गाडी नेतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्याला त्या गाडीच्या बिघाडाचे ज्ञान नाही, त्याने डांबरी सडक सोडू नये; कारण दोन चाकांच्या बळावर चालणारी गाडी जेथे पहिल्याच चिखलात थांबली असती, तेथून ही गाडी पुष्कळ पुढे जाते आणि वस्तीपासून, गॅरेजपासून तितक्याच दूर बंद पडते.

हे ज्ञान दुर्गम नाही. खडकाळ चढावर मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला, तर अननुभवी चालक हताश होऊन ट्रॅक्टरची वाट पाहत बसतो. पण जुन्या पद्धतीच्या फोर-बाय-फोर गाडीत शाफ्टचे बोल्ट खोलून तो समूळ काढून ठेवावा, पुढचे हब जोडावेत, दांडी फोर-व्हीलमध्ये टाकावी आणि केवळ पुढच्या चाकांच्या ओढीने हळूहळू गावापर्यंत यावे, ही युक्ती मिस्त्रीलोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ओढा ओलांडताना इंजिन अचानक बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर पिस्टन त्या पाण्याला दाबू शकत नाही, कारण द्रव हवेसारखा आकसत नाही, आणि स्टार्टर फिरवताक्षणी कनेक्टिंग रॉड वाकून सारे इंजिन निकामी होण्याचा संभव असतो. अशा वेळी फिल्टर उघडून पाहावा, तो ओला असल्यास डिझेल गाडीचे इंजेक्टर आणि पेट्रोल गाडीचे प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे व पाणी बाहेर पडू द्यावे. चिखलात चाके फिरत राहिली, की चालक अर्धा क्लच दाबून इंजिन गरजवतो, आणि जळक्या वासाने क्लच प्लेट गेल्याची वर्दी मिळेपर्यंत थांबत नाही. त्यापेक्षा टायरमधील हवा कमी करून, चाकांपुढची माती फावड्याने काढून, लो गिअरमध्ये सावकाश निघावे. दोर मात्र चेसिसच्या मजबूत हुकालाच बांधावा, बंपरला नव्हे, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणासही उभे राहू देऊ नये. तुटलेला दोर व निखळलेले लोखंड प्राण घेते.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली. ती जात मुळात रणभूमीसाठी घडवलेली होती, मोजक्या हत्यारांनी सैनिकाने ती जागच्या जागी दुरुस्त करावी हा तिच्या रचनेचा हेतू होता, आणि म्हणूनच आपल्याकडील गावोगावच्या मिस्त्र्यांना तिचे अंतरंग अवगत झाले. आजच्या गाडीत मात्र एखादा सेन्सर बिघडला की संगणक इंजिनाची शक्ती रोखून धरतो, दोष दाखवणारे यंत्र व त्याची सांकेतिक माहिती कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपपुरती राहते, आणि पाना-पक्कड हाती असलेल्या हुन्नरी मनुष्याला आपलीच विद्या निरुपयोगी झालेली पाहावी लागते. मला हा अन्याय वाटतो. ज्या तालुक्यात अधिकृत वर्कशॉप दूरच्या शहरात आहे, तेथे मिस्त्रीचा हात बांधणे म्हणजे गाडीच्या मालकालाच निराधार करणे होय.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही अंतर्भाव केला, आणि त्याच वर्षाअखेरीस माहितीसाठी एक पोर्टलही उघडले. पण हा हक्क मालेगावच्या गॅरेजपर्यंत पोचवायचा, तर कारखानदारांना दुरुस्तीचे संपूर्ण पुस्तक मराठीत देण्याची आणि दोष तपासण्याचे यंत्र स्वतंत्र मिस्त्रीला वाजवी किमतीत विकण्याची कायद्याने सक्ती झाली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात पांदणीवरील या तातडीच्या दुरुस्तीस स्थान द्यावे. आणि जे वाचक यंदा अशी गाडी घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडे दुरुस्तीचे पुस्तक लेखी अर्ज देऊन मागावे, व नकार आल्यास तोही लेखी घ्यावा.