बॅटरीला ‘स्टॅबिलायझर’ लावला की गाडीचं अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं का?

जुन्या शहरात सेकंडहँड गाडी आली की दोन फेऱ्या ठरलेल्या. पहिली राजराजेश्वराच्या मंदिरापुढे हार घालायला, दुसरी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम झाली की काउंटरखालून एक छोटी डबी निघते. तिच्यावर निळा दिवा आणि बॅटरीला जोडायच्या दोन वायर. ‘लावून तर पाहा भाऊ, पिकअप सुधरते, दोनचा एवरेज वाढते.’

दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. लावून गेलेली काही गिऱ्हाइकं खरंच खूश होऊन परत येतात. मग त्या डबीत असतं काय?

बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवून लगेच परत देणारा भाग. डबीत एकूण १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर धरले, तर १४ व्होल्टवर त्यात साधारण १ ज्यूल ऊर्जा मावते. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब तेवढ्यावर सेकंदाचा पन्नासावा भागही पेटत नाही. शेजारच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे १५ लाख ज्यूल असतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा रेग्युलेटर व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान धरून ठेवतो, ते वेगळंच. धडधाकट गाडीत विजेचा तुटवडाच नसतो. मग तो भरून काढून मिळणार काय? पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे ईसीयू ठरवतो. डबीचा त्याच्याशी संबंध येत नाही.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये खोचायचे काहीशे रुपयांचे ‘फ्युएल सेव्हर’ तर त्याहून पुढचे. अभियंत्यांनी असे काही उघडून पाहिले, तेव्हा आत फक्त दिवा मिचकावणारं सर्किट निघालं. गाडीच्या डेटाच्या पिनना काही जोडलेलंच नव्हतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) आजवर इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून जास्त उपकरणं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

मग गिऱ्हाईक खूश का? याचं उत्तर पेट्रोल पंपावर आहे. टाकी फुल करून २०० किलोमीटर फिरलं आणि पुन्हा १० लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज २०. नोझल ९०० मिली आधी कट झालं, तर तेच २२ येतं. ‘दोनचा एवरेज’ इथेच वाढला! शिवाय नवीन वस्तू लावल्यावर माणूस आठवडाभर पाय सांभाळून गाडी चालवतो.

दुसरं कारण जास्त खरं आहे. डबी बसवताना मेकॅनिक बॅटरीचे टर्मिनल घासतो, सैल नट आवळतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीत अर्थिंगची पट्टी गंजलेली असते. तिथे नवी अर्थ वायर टाकली की सेल्फ जोमाने फिरतो, दिवे उजळतात. हा फरक भासाचा नाही. पण तो डबीने नाही, दुरुस्त झालेल्या अर्थिंगने पडतो, आणि ते काम पॉलिश पेपर आणि पान्यानेही होतं.

हेडलाइटची गोष्ट थोडी वेगळी. अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झाला, त्याचा गिनीज विक्रमही नोंदला गेला. रात्री याच महामार्गावर समोरून येणाऱ्या गाडीचा पांढरा झोत डोळ्यांवर आला की पुढचा सायकलवाला दिसत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबला की झोत फाकतो. काहीजण ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब घालतात. करंट ५ अँपिअरवरून ८ च्या पुढे जातो आणि त्याच वायरमधली उष्णता जवळपास पावणेतीनपट होते. अकोल्याचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, त्यात बॉनेटखालची गरमी. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड तिथे किती दिवस टिकणार? अ‍ॅव्हरेज न वाढवणाऱ्या डबीने पैसे जातात, अशा जोडाने गाडी जाऊ शकते.

इथे खरोखर उपयोगाची वस्तू म्हणजे रिले आणि फ्यूज असलेलं हेडलाइट वायरिंग. जुन्या वायरिंगमध्ये १० टक्के व्होल्टेज गळलं तर हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. रिले तो परत आणतो, तोही मूळ वॅटच्या बल्बवर. टर्बो डिझेलला लावायचे ट्युनिंग बॉक्सही ताकद वाढवतात, हे मान्य करायला हवं. पण ती ताकद जास्त डिझेल आणि जास्त दाबातून येते. किंमत क्लच, टर्बो आणि धूर मोजतात.

कायद्याकडे दुकानात कुणी पाहत नाही. आरसी बुकमधली गाडी बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कपॅसिटरच्या डबीवरून कुणी अडवणार नाही. पण वायर कापून केलेलं काम दिसलं की कंपनी वायरिंगची वॉरंटी नाकारू शकते, आणि ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच कळतं. डबी विकणाऱ्याला एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: पुण्याच्या एआरएआयचा चाचणी अहवाल आहे का? गाड्यांचं अधिकृत मायलेज प्रमाणित करणारी संस्था आपल्याच राज्यात आहे.

अहवाल नसेल, तर खिशातले पैसे आधी मल्टिमीटर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावेत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १४ च्या आसपास व्होल्ट दिसले, तर डबीला करण्यासारखं कामच उरलेलं नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंगची पट्टी बदलून घ्यावी. जाता जाता टायरची हवाही बघून घ्यावी.